भाजलेली साखळी

“साबजी, आपकी बात सुनके मिस्त्रीजी ने चेन दो बार भूनी. अब ऐसी काली चमकती है, देखते रह जाओ,” असं म्हणून नरेश हसत हसत खरडच्या बसमध्ये चढला आणि मीही हसलो. कुणी आपलं ऐकलं असं कळलं की माझा चेहरा माझ्या आधीच खूश होऊन बसतो, ही जुनी खोड आहे. रविवारी सकाळी मी चंदीगडला सेक्टर सतराच्या बस अड्ड्यावर दिल्लीच्या गाडीचं आरक्षण करायला आलो होतो आणि रांगेतून बाहेर पडताना हा भेटला. नरेश म्हणजे बलकार सिंग मिस्त्रींच्या टोळीतला जुना माणूस. चाळिशीचा, मूळचा हिमाचलचा, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. शेतातल्या ट्यूबवेलची मोटर बिघडली की ती पाइपांसकट बोअरमधून वर ओढून काढायची, हा या टोळीचा धंदा. आज कुठे काम, असं मी सहज विचारलं होतं. खरडच्या पुढे, पाण्याच्या उंच टाकीच्या गावात, मिस्त्री पहाटेच गेलेत, असं तो म्हणाला, आणि मग ते साखळीचं वाक्य. बस सुटली. मी हात हलवला. हात खाली येता येता ते वाक्य मला नीट ऐकू आलं. भूनी? कुठली चेन भूनी?

मी वजन उचलण्याच्या साधनांचा तपासनीस आहे. लग्नाच्या वेळी शैलजाच्या मावशीला हे समजावून सांगताना माझा घाम निघाला होता. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे विहिरीवरच्या रहाटासारखंच ना?” आणि मी हो म्हणून मोकळा झालो. चेनकप्प्या, हूक, तारदोर, साखळ्या, जे जे माणसाच्या डोक्यावर लटकतं ते वर्षातून एकदा माझ्यापुढे येतं. ठरलेल्या वजनाच्या सव्वापट वजन लावून मी ते बघतो, कड्या मोजतो आणि कागदावर सही करतो की हे इतक्या टनांना सुरक्षित आहे. बलकार सिंगांच्या दोन टनी चेनकप्पीच्या कागदावर मी बाराच दिवसांपूर्वी सही केली होती. आणि ती चेन आताच्या जमान्यातली, मिश्र पोलादाची. जुन्या काळच्या साखळ्या घडीव लोखंडाच्या असत. दणके खाऊन खाऊन त्या कडक आणि ठिसूळ व्हायच्या, आणि विस्तवात भाजून सावकाश निवू दिल्या की पुन्हा लवचीक व्हायच्या. पोलादाच्या साखळीचं उलटं. तिला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून झटकन निववून कडक केलेलं असतं, तिची सगळी ताकद त्या पाण्यात. ती भाजली की पाणी उतरतं. दिसायला तीच साखळी, आतून लेचीपेची. वजन घेतलं की कडी तुटत नाही, गुपचूप लांबते. लांबलेली कडी कप्पीच्या चाकावरच्या खाचेत नीट बसत नाही, आणि मग एखाद्या ओढीला साखळी चाकावरून उडी मारते. खाली बोअरच्या तोंडाशी, पाइपाला हात लावून, चार माणसं उभी असतात. हे मी दरवर्षी नव्या पोरांना फळ्यावर काढून शिकवतो.

बस अड्ड्यावर ऊन चढायला लागलं होतं. मे महिना होता, अठ्ठ्याऐंशी साल. वाळूच्या पोत्यांमागे बसलेला शिपाई पेंगत होता आणि त्याची बंदूक मात्र जागी असल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मी स्कूटरपाशी गेलो, किल्ली लावली आणि तसाच उभा राहिलो. मला आबा दिसत होते. माझे वडील धरणाच्या कामावर खलाशांचे, म्हणजे जड ओझी उचलणाऱ्या टोळीचे, मुकादम होते, शाळा चौथी. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा शिमग्याच्या आसपास, ते साखळ्या भाजायचे. त्या दिवशी कामाला सुट्टी. नदीकाठच्या खडकावर गोवऱ्या आणि बाभळीची लाकडं रचायची, आत साखळ्यांची वेटोळी, आणि त्या लाल झाल्या की वरून राख ओढायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. आम्ही पोरं लांबून बघायचो. आबा राखेच्या ढिगाकडे तोंड करून बसायचे, तापलेल्या माणसाच्या उशाशी बसावं तसे. “लोखंडालाही शीण येतो रे,” ते म्हणायचे. “वर्षभर ओझी ओढतंय. त्याला एक रात्र निजू दे.” निवलेल्या साखळीची प्रत्येक कडी ते अंगठ्याने चाचपायचे, आणि नव्या साखळीवर पहिलं वजन घेताना ते नुसतं वीतभर उचलायचे आणि एक बिडी संपेपर्यंत तसंच लटकत ठेवायचे. बिडी संपली की मगच पुढे. त्यांच्या हाताखाली बावीस वर्षांत एक माणूस जायबंदी झाला नाही. मी इंजिनियर झालो तेव्हा त्यांनी माझी पदवी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “यात साखळीचं कुठे आहे?”

ही गोष्ट मी फार लोकांना सांगितली आहे. चंदीगडमध्ये तर नऊ वर्षांत इतक्यांदा की शैलजा, मी ‘आमचे आबा’ म्हटलं की, स्वयंपाकघरात जाते. खरं सांगायचं तर मी ती नम्रपणा दाखवायला सांगतो, आणि त्या नम्रपणाखाली भरपूर मिजास असते: बघा, मी खलाशाचा मुलगा आणि आता माझ्या सहीशिवाय या शहरात वजन हलत नाही. गेल्या थंडीत बलकार सिंग एक हूक दाखवायला आले होते. साठीचे, दाढी पांढरीशुभ्र, बोलणं कमी. बाहेर धुकं होतं, चहा आला, आणि मी सुरू झालो. गोवऱ्या, राख, शीण, एक रात्रीची झोप. मिस्त्री चहा निवेपर्यंत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “वाह जी. तुहाडे पिताजी लोहे नूँ बंदे वांग समझदे सी.” लोखंडाला माणसासारखं समजणारे माझे वडील! माझे डोळे पाणावले. त्या गोष्टीला एक शेवटचं वाक्य असतं: पण हे आताच्या चेनला चुकूनही करायचं नाही. ते मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, ओठांवर होतं. पण त्या वाक्याने गोष्ट बिघडते, आबा अडाणी ठरतात, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलेलं असतं ते विझतं. म्हणून मी नेहमीच ते गाळतो. दिवाणखान्यात त्याने काही बिघडत नाही. पण त्या दिवशी समोर बसलेला माणूस दिवाणखान्यातला नव्हता.

आणि ती सही. तिचा दिवस आठवला की कान गरम होतात. शहर बंद होतं, कुणी पुकारलेला बंद ते आता आठवतही नाही, त्या वर्षी इतके झाले. कार्यालयात मी एकटा. तपासणीचं यंत्र चालवणारा माणूस आला नव्हता, वीजही नव्हती. अकराच्या सुमारास बलकार सिंग दारात उभे. सायकलच्या कॅरिअरला चेनकप्पी बांधलेली आणि सायकल हातात धरून मोहालीपासून चालत आलेले. मी म्हटलं, मिस्त्रीजी, आज नाही होणार, परवा या. ते म्हणाले, “आज दे दो जी तो मेहरबानी,” आणि कॅरिअरची दोरी सोडायला लागले. मी चेन खिडकीपाशी नेली. काय सुंदर ठेवली होती! काळीभोर, तेल प्यालेली, एका कडीला झीज नाही. मी कड्या मोजल्या, लांबी बरोबर होती. होणारच बरोबर, भाजल्यावर तिने अजून वजन घेतलं नव्हतं. तो काळा रंग विस्तवाचा होता आणि मला वाटलं तो निगराणीचा आहे. माझ्या टेबलाच्या खणात कानस होती. कडीवर एकदा ओढली असती तर कळलं असतं, चांगल्या साखळीवर कानस घसरते, मऊवर चावते. दहा सेकंदांचं काम. पण म्हाताऱ्या माणसाने बंदच्या दिवशी एवढं चालत यावं आणि आपण त्याच्या वस्तूवर कानस ओढावी, हे मला अपमानास्पद वाटलं. मी शिक्का मारला, सही केली आणि ‘भार देऊन तपासले’ या छापील ओळीवर काट मारली नाही.

घरी गेलो तेव्हा शैलजा डोकं पुसत होती. ती सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत काम करते, तिच्या मोजमापात केसाचीही जाडी फार होते. मी तिला सगळं सांगितलं आणि लगेच हिशेब मांडायला बसलो. साखळी चौपट ताकदीची बनवतात, भाजल्यावर निम्मी गेली समज, तरी दुप्पट उरतेच; बोअरमधलं वजन टनाच्या थोडं वर; म्हणजे तशी काळजी नाही. संध्याकाळी मिस्त्री परत आले की निरोप देता येईल. गावात फोन नाही. ठाण्यात फोन करून कळवावं असंही मनात आलं होतं, पण पोलिसांची जीप बलकार सिंगांचं नाव विचारत त्या गावात शिरली तर काय होईल हे या दिवसांत कुणाला सांगायला नको. एकंदरीत टिकेल. शैलजा केस पुसायची थांबली. “अहो, तुम्हांला तिकडे जायची भीती वाटतेय ना?” “हो,” मी म्हटलं. “मग भीती वाटते असं म्हणा. साखळी टिकेल असं म्हणू नका.” आतून विनया ओरडली, “पापा, टिकट मिला क्या?” तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीतच येतं. मी तिकीट टेबलावर ठेवलं. शैलजाने पाण्याची बाटली भरून दिली, माझं ओळखपत्र वरच्या खिशात आहे का ते हात लावून पाहिलं आणि म्हणाली, “अंधाराच्या आत या.” तिलाही भीती वाटत होती, आणि तरी तिने मला अडवलं नाही. मला तिचा राग आला आणि त्या रागाच्या आधाराने मी स्कूटर सुरू केली.

चंदीगडचे रस्ते असे आहेत की त्यांवर भिणंसुद्धा शिस्तीत होतं. चौकाला वळसा, सरळ, पुन्हा चौकाला वळसा, दोन्ही बाजूंना बहाव्याची झाडं पिवळी धमक लटकलेली, आणि मी मनात आकडे घोकत चाललेला. नऊ वर्षं मी या आखीव चौकोनांतच राहिलो. पहिल्या वर्षी आम्ही स्कूटरवर कुठेही जायचो, शेतांतून, ऊस खात, कुणाच्याही खाटेवर बसून लस्सी पीत. मग बातम्या यायला लागल्या. अतिरेक्यांनी बसमधून उतरवून मारलेली माणसं, बाजारातले स्फोट, पोलिसांनी उचलून नेलेली आणि परत न आलेली पोरं. आणि मग हळूहळू, कुणी न सांगता, आम्ही शहराच्या कडेला उंबरठा मानायला लागलो. मोहाली ओलांडल्यावर माझी पाठ ताठ झाली. समोरून मोटरसायकल आली की मी आधी मागे बसलेल्याचे हात बघत होतो. केशरी पगडीचे दोघे तरुण मला ओलांडून गेले, त्यांतल्या एकाच्या मांडीवर कलिंगड होतं, आणि ते दिसेनासे होईपर्यंत मी स्कूटरचा वेग वाढवला नाही. त्याच वेळी डोक्यात चाललं होतं की बलकार सिंगही शीख, म्हणजे त्यांच्यातलेच, ते आपल्यावर उलटले तर? बारा दिवसांपूर्वी ज्यांच्या साखळीवर कानस ओढणं मला अपमानास्पद वाटलं, त्यांच्याबद्दल मी असा विचार करत होतो. मला माझीच शिसारी आली. आबांनी माणसं कशी निवडली, असं एकदा मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, ओझं हवेत असताना जो दुसऱ्याच्या हाताकडे बघतो तो चांगला. त्यांच्या टोळीत कोकणातले मुसलमान होते, तेलंगी होते, आमचे भाऊबंदही होते, आणि ओझं हवेत असताना सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत. मीही आता हातांकडेच बघत होतो, पण ते बघणं वेगळं होतं. खरडच्या पुढे गव्हाची कापलेली शेतं सुरू झाली, नुसते सोनेरी खुंट आणि गरम वारा. टाकी लांबूनच दिसली. शेवटचा मैलभर रस्ता मातीचा होता. तिथे मला परत फिरावंसं वाटलं नाही, कारण साखळीचा आवाज यायला लागला होता.

आवाज मी ओळखतो. चेनकप्पीची हातसाखळी ओढली की एक सलग करकर येते. इथे ती मधूनमधून अडत होती. करकर, करकर, टक. तीन पाइपांची तिपाई, जिला हे लोक घोडी म्हणतात, बोअरवर उभी होती. तिच्या टोकाला कप्पी. आणि हूकाला लटकून एक पाइप पुरुषभर वर आलेला, खाली अजून दोनशे फूट जमिनीत. नरेश आणि आणखी दोघं पाइपाला धरून, त्यांची डोकी बरोबर हूकाखाली. पाइप जागच्या जागी धरून ठेवणारा शिकंजा सैल करून बाजूला फाकवलेला. बलकार सिंग स्वतः हातसाखळी ओढत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “ओ आओ जी इंजीनियर साब! जी आया नूँ!” मी स्कूटर तशीच आडवी टाकली. धावत जावं असं वाटत होतं आणि पाय मात्र आबांनी शिकवल्यासारखे सावकाश पडत होते, लटकत्या ओझ्यापाशी कधी धावायचं नाही. “मिस्त्रीजी, ओढू नका. रुकिए. पहले शिकंजा कसिए,” मी म्हटलं. ते म्हणाले, “आज थोड़ी बोल रही है चेन, तेल माँगती है.” “शिकंजा, मिस्त्रीजी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नरेशकडे नुसती मान हलवली. नरेशने शिकंजा पाइपाभोवती ओढला, बोल्ट आवळले, त्याचं अर्धं बोट पान्यावर दाबून पांढरं झालं. मिस्त्रींनी वीतभर साखळी सोडली. वजन शिकंज्यावर बसलं, हूक सैल झाला, आणि माणसं पाइपापासून बाजूला झाली.  मी बोअरच्या कडेला मातीत बसलो, आणि नरेश हसून म्हणाला, “साबजी को लू लग गई.”

पाणी पिऊन झाल्यावर मी साखळी हातात घेतली. हूकाजवळच्या आठदहा कड्या अंगठ्याखाली सरळ लांब झालेल्या लागत होत्या. आणखी दहा-पंधरा ओढी, किंवा खाली गाळात मोटर अडकून एक हिसका, एवढंच बाकी होतं. आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं: माझ्यामुळे झालं, मी सांगितलं अर्धंच आणि सही केली न बघता. समोर टोळी उभी होती, शेताचा मालक कमरेवर हात ठेवून उभा होता, भाताच्या तयारीला पाणी नाही म्हणून आधीच कावलेला. आणि माझ्या तोंडून निघालं, “दफ़्तर से नया हुक्म आया है. इस किस्म की सब चेन दोबारा जाँचनी हैं.” हुकूम नेमका आपल्याच मोटरच्या वेळी आला म्हणून मालक तडकला. “साडी ही मोटर वेले हुक्म औणा सी?” बलकार सिंगांनी त्याला हाताने थांबवलं. “हुक्म है तो हुक्म है. साब इतनी धूप में आप आए हैं, चिट्ठी नहीं भेजी.” मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, “हमारे लिए आए जी. याद रहेगा.” त्यांनी शेजारच्या गावातून दुसरी कप्पी मागवायला माणूस पाठवला, नरेशला थांबायला सांगितलं आणि घोडीवरची कप्पी स्वतः खोलली. माझ्या आयुष्यात कुणी मला इतक्या मनापासून धन्यवाद दिले नसतील, आणि मी ते घेतले.

परत येताना मिस्त्री माझ्या मागे बसले, चेनचं पोतं माझ्या पायांशी. तुम्ही एकटे जाऊ नका, रस्ता ठीक नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. म्हणजे जाताना ज्यांच्याबद्दल मला शंका येत होती ते येताना माझी सोबत होते. मोहालीच्या अलीकडे नाका लागला. ड्रम आडवे, मधून एक गाडी जाईल एवढी फट. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, ओळखपत्राकडे पाहिलंच नाही, आणि मिस्त्रींना म्हणाला, “तू उतर.” तू. ते उतरले आणि कुणी न सांगता हात वर करून उभे राहिले, इतक्या सवयीने की मला मान फिरवावी लागली. त्यांच्या बगला, कंबर, पगडी, पोटऱ्या सगळं चाचपून झालं. पोतं उघडलं. “एह संगल किस लई?” साखळी उचलून हवालदाराने विचारलं. मिस्त्रींनी हळूच विचारलं, “जेब विच हत्थ पावाँ जी?” परवानगी मिळाल्यावर कुडत्याच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एक घडी केलेला कागद. माझा कागद. बाराच दिवस झाले होते आणि त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. हवालदाराने तो अडखळत वाचला, बलकार सिंग, मिस्त्री, चेनकप्पी एक, भार दोन टन, तपासले, सुरक्षित. “दस्तख़त किसके हैं?” “इन्हाँ दे ही हन जी,” मिस्त्री माझ्याकडे हात करून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला सहन होईना. “नाल ही खड़े ने.” हवालदार माझ्याकडे वळला. “आपके हैं, साब?” नाही म्हणालो असतो तर त्या म्हाताऱ्याचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. “हाँ. मेरे हैं,” मी म्हटलं. त्याने मला सलाम केला. पोतं पुन्हा बांधून दिलं. त्या नाक्यावर गुन्हेगार एकच होता आणि त्याला कुणी बोट लावलं नाही.

पुढे गेल्यावर वाऱ्यात मिस्त्री माझ्या कानाशी बोलायला लागले, पहिल्यांदाच इतकं सलग. पूर्वी साखळ्या, पहारी, पाइप घेऊन जाताना प्रत्येक नाक्यावर अडवायचे. एकदा दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं, घरी सगळ्यांनी आशा सोडली होती. मग कुणीतरी सांगितलं, सरकारी शिक्क्याचा कागद जवळ ठेवा, नावासकट. जुन्या कागदाची मुदत बंदच्या आदल्या दिवशी संपली होती. “इसलिए उस दिन पैदल आया था जी,” ते म्हणाले. “चेन तो दो दिन बाद भी जाँच जाती. घर लौटना था.” मी स्कूटर चालवत होतो. डोळ्यांत धूळ गेली असं मी सांगू शकलो असतो, पण त्यांनी विचारलं नाही.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये, मोहालीच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली, मी बोललो. हिंदी मला नेमक्या वेळी सोडून जाते, तशी गेली. शब्द तुटक येत होते. हुक्म वगैरे काही नाही. चेन भाजायची नसते. आबांच्या साखळ्या वेगळ्या लोखंडाच्या होत्या, हे मला माहीत होतं आणि मी तुम्हांला सांगितलं नाही, कारण गोष्ट त्याशिवाय छान वाटते. आणि सही केली तेव्हा वजन लावून बघितलंच नव्हतं. आज दुपारपर्यंत तुम्ही चौघंही माझ्या थापेखाली उभे होता.  मग बलकार सिंगांनी पोत्यातून चेन काढली, एक कडी बांकेच्या लोखंडी जबड्यात आवळली, भिंतीवरची लोखंड कापायची करवत घेतली आणि कापायला लागले. पाणी दिलेल्या पोलादावर करवतीचं पान किंचाळतं, दात झिजतात, कडीवर ओरखडाही धड उमटत नाही. इथे पान पहिल्याच ओढीला आत शिरलं. सर्रर सर्रर, करड्या कणांची बारीक धार खाली पडत राहिली. आम्ही दोघंही त्या खाचेकडे बघत होतो. चार-पाच मिनिटांत कडी दोन तुकडे होऊन त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी ते तुकडे हातात वर-खाली केले. “नरेश की तीन बेटियाँ हैं,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

मी पेन काढलं. “कागज़ दीजिए. रद्द करना पड़ेगा.” नियम तसाच आहे: साधन बाद झालं की कागदावर ‘रद्द’ लिहायचं, तारीख टाकायची. त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली, कागद बाकावर उलगडला आणि मी पेन टेकवणार इतक्यात माझ्या सहीवर पंजा ठेवला. ऑइलने काळा झालेला, जड पंजा. “संगल दे जिन्ने कहो टोटे कर दिआँगा,” ते म्हणाले, साखळीचे म्हणाल तितके तुकडे करून देतो. “एह रहण दो. नवीं चेन आएगी, उसे जाँच के, वज़न लगा के, सच्चा कागज़ बना देना. तब तक रोज़ नाके से घर भी तो जाना है जी.” बाहेर उन्हं उतरत होती, अंधाराच्या आत मला पोचायचं होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत बाद झालेल्या साधनाचा कागद मी कधी तसाच सोडला नव्हता, तो मी आता समजून उमजून सोडत होतो, आणि सोडू नये असं मला वाटत नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं. त्यांचे हात तेलकट होते म्हणून तो खोटा कागद मीच जुन्या घड्यांवर जपून दुमडला, पिशवीत घातला आणि त्यांच्या आतल्या खिशात ठेवला.